जहाज कोठी दाखवणारी सुखीबाई

वणीच्या जुन्या पेठेत, कापड दुकानांच्या मागच्या गल्लीत जहाज कोठी होती. माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या बरोबर समोर. त्यामुळे सुखीबाई आत्राम या बाईला मी वीस-बावीस वर्षं रोज सकाळी पाहत आलो. मी शटर वर करायचो तेव्हा ती कोठीच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्या एकेक करून उघडत असायची, आणि प्रत्येक खिडकीतून काळ्या धुळीचा एक लोट गल्लीत पडायचा. कोळशाच्या खाणीची धूळ. रात्रभरात चौकटीवर बोटभर बसते. ती फडक्यानं पुसायची, फडकं झटकायची, पुढच्या खिडकीकडे जायची. कोठीला बावीस खोल्या होत्या आणि वर राहणारं कोणी नव्हतं.

कोठी बांधली नथमल शेठनं, १९११ साली. इथला कापूस बैलगाड्यांनी वरोऱ्याच्या स्टेशनावर जायचा, तिथून आगगाडीनं मुंबईच्या बंदरावर आणि पुढे बोटीनं विलायतेला. शेठ स्वतः वर्षातले तीन-चार महिने बंदराजवळच्या वखारीत काढायचा. बोटी पाहून पाहून त्याच्या डोक्यात त्याच बसल्या असाव्यात, कारण कोठीच्या दरवाजावर त्यानं चुन्यामध्ये तीन डोलकाठ्यांचं जहाज करून घेतलं. करणाऱ्या गवंड्यानं समुद्र पाहिला नव्हता. त्यानं जहाजाखाली ज्या लाटा काढल्या त्या नांगरलेल्या वावरासारख्या दिसायच्या. पण नाव पडलं ते पडलं. रिक्षावालासुद्धा जहाज कोठी म्हटलं की बरोबर आणून सोडायचा.

सुखीबाई लग्न होऊन आली ती झरीकडच्या एका खेड्यातून. तिचा नवरा लखन कोठीचा फाटकवाला होता. फाटकाला लागून दोन खोल्या होत्या, त्यात त्यांचा संसार. मूलबाळ झालं नाही. शेठच्या घरात तेव्हा अठरा-वीस माणसं होती, दिवसभर चूल पेटलेली असायची, आणि सुखीबाई त्या चुलीपुढच्या चार बायांपैकी एक होती. पुढे शेठचं कापसाचं जिनिंग बंद पडलं, मुलं शिकून नागपूर, हैदराबादकडे गेली, म्हातारी माणसं मुलांमागे गेली. १९९८ साली शेवटचं बिऱ्हाड हललं. लखन आणि सुखीबाई तेवढे राहिले. २०११ मध्ये लखनही गेला. नथमल शेठच्या पणतवानं, अंकुरनं, नागपूरहून येऊन तिला सांगितलं, "बाई, तुम्ही इथेच राहा. कोठी विकेपर्यंत सांभाळा फक्त."

विकेपर्यंत म्हणजे किती, ते तिनंही विचारलं नाही आणि त्यालाही माहीत नव्हतं.

विक्रीची पहिली जाहिरात मीच टाईप केली होती. ‘ऐतिहासिक हवेली विकणे आहे. अस्सल सागवान, बावीस खोल्या, गोड्या पाण्याची विहीर.’ गोपाल नावाचा दलाल होता, त्यानं त्याच्या पन्नास प्रती नेल्या. त्यानंतर गिऱ्हाइकं यायला लागली आणि सुखीबाईला नवं काम लागलं. कोठी दाखवायची.

हे काम किती थकवणारं असतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. गोपाल सकाळी फोन करायचा, आज अकराला पार्टी आहे म्हणून. ती झाडून पुसून तयार राहायची. पार्टी कधी एकला यायची, कधी यायचीच नाही. आली की चाव्यांचा जुडगा घेऊन बावीस खोल्या उघडायच्या, एकतीस पायऱ्या चढायच्या, उतरायच्या. तिचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. लोक तरी किती तऱ्हेचे! लग्नाचं लॉन करायचं म्हणून एक जण दिवसभर टेप लावून अंगण मोजत होता. तो पुन्हा दिसला नाही. हैदराबादचा एक माणूस आला, त्याला फक्त दारं हवी होती. एका जोडप्याला लग्नाआधीचे फोटो काढायचे होते, त्यांनी गिऱ्हाईक असल्याचं सोंग केलं आणि नवरीनं शेठाणीच्या खोलीत तीन वेळा कपडे बदलले. प्रत्येकाला सुखीबाई तेच सांगायची. हे दिवाणखाना, हे गादी, इथं शेठजी बसत, हे सागवान बर्माचं. सांगता सांगता तिचा आवाज सपाट होत गेला. शेवटी शेवटी तर ती माणसाकडे न पाहता भिंतीकडे पाहून बोलायची.

"सुखीबाई, सोडून द्या न हे," मी एकदा म्हटलं. ती माझ्या बाकावर बसून पाय चोळत होती.

"कुठी जाऊ भाऊ?" ती म्हणाली. "भावाच्या घरी माह्या नावाची खाट नाई. इथं निदान दोन खोल्या आहेत. पन थकून गेली मी. लोकाईले घर दाखवू दाखवू थकली. काम केल्यावर असं नाई थकत मानूस."

२०१८ साली एका डॉक्टरला कोठीत दवाखाना काढायचा होता. त्यानं आधी इंजिनिअर पाठवला. इंजिनिअर शहाणा माणूस होता. त्यानं सगळी कोठी पाहिली आणि वरच्या पश्चिमेच्या दालनात थांबला. हे दालन नदीच्या बाजूला, म्हणजे खाणीच्याही बाजूला. भिंतीत छतापासून खाली उतरत आलेली एक भेग होती. त्यानं भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या आणि सुखीबाईला म्हणाला, "मावशी, यांना हात लावू नका. काच अख्खी राहिली तर भेग जुनी आहे. तुटली तर भिंत अजून हलते आहे असं समजा."

सुखीबाई रोज जाऊन काचा पाहायची. आमच्या गावात दुपारी दोनच्या सुमाराला खाणीत ब्लास्टिंग होतं. आधी भोंगा, मग धक्का. नव्या स्लॅबच्या घरात खिडकी थरथरते, मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि माणसं बोलणंही थांबवत नाहीत. तेविसाव्या दिवशी पहिली काच तडकली. दीड महिन्यात तिन्ही तुटल्या. इंजिनिअर आला, पाहिलं, काही लिहून घेतलं, आणि डॉक्टरनं नाही कळवलं.

मग गोपालनं एक रंगारी आणला. त्यानं भेगेत पुट्टी भरली, काचा काढायचीही तसदी घेतली नाही, त्यांच्यावरूनच हात फिरवला आणि वर मलई रंग मारला. सुखीबाईनं पाण्याची बादली वर नेऊन दिली. गोपालनं तिला एवढंच सांगितलं, "मावशी, आता पार्टी आली की दोनच्या आत मोकळी करायची. दोननंतर कोनाले वर न्यायचं नाई."

ती हो म्हणाली. पुढची चार वर्षं ती तसंच करत राहिली. सिमेंटवाला आला, एक ट्रान्सपोर्टवाला आला, हॉटेल काढणारे दोघं आले. सगळ्यांना तिनं दोनच्या आत खाली उतरवलं. मला हे तिनं नंतर सांगितलं. "त्याईच्यापाशी राहाले दुसरे घरं होते भाऊ," ती म्हणाली. "मले त्याईचं काई वाटलं नाई. खोटं कायले बोलू?"

मग २०२२ च्या फेब्रुवारीत गझाला आणि अब्रार आले.

गझाला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. अब्रारचं चंद्रपूर रोडवर ट्रकचं गॅरेज होतं. दोघंही इथलेच, मी त्यांना ओळखत होतो. झरी, मारेगावकडच्या मुली दहावीनंतर कॉलेजात यायच्या आणि राहायला जागा नाही म्हणून दोन महिन्यांत परत जायच्या. ते पाहून पाहून गझालाच्या मनानं घेतलं होतं की अशा मुलींसाठी वसतिगृह काढायचं. अब्रारनं गॅरेजमागची जागा विकायला काढली होती. ती आपल्या वडिलांच्या घरातला हिस्सा सोडून द्यायला तयार झाली होती. एवढ्या मोठ्या जागेच्या मानानं कोठी स्वस्तात जात होती, कारण अंकुर आणि त्याचे भाऊबंद दहा वर्षं वाट पाहून कंटाळले होते.

गझाला आली आणि सुखीबाईची पंचाईत झाली. कारण ही बाई ऐकायची. भिंतीकडे पाहून बोलणाऱ्या सुखीबाईला तिनं विचारलं, "तुम्ही कुठं काम करायच्या? चूल कुठं होती?" सुखीबाईनं तिला चूल दाखवली. आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला दाखवली नव्हती. दुसऱ्या वेळी आली तेव्हा गझालानं तिचं गाव विचारलं. झरीकडचं म्हटल्यावर ती म्हणाली, "मग तुमच्या गावच्या मुलीही येतील ना इथं. कोणी आहे का शिकणारी?"

सुखीबाईच्या भावाची, उकंडाची नात होती. जमनी. नववीत होती.

तिसऱ्या वेळी गझाला खडू घेऊन आली. पश्चिमेचं दालन सगळ्यांत मोठं आणि हवेशीर. तिथं तिनं फरशीवर खाटांच्या जागा आखल्या. बारा चौकोन. आखून झाल्यावर ती एका चौकोनात उभी राहिली आणि छताकडे पाहून अब्रारला म्हणाली, "पंखा इथे, और एक वहाँ. खिडकीजवळ टेबल."

त्या रात्री आपण जेवलो नाही, असं सुखीबाईनं मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं फरशी पुसायला घेतली आणि खडूच्या रेघांपाशी येऊन थांबली. त्या तिला पुसवल्या नाहीत. तशाच ठेवून ती खाली आली.

बयाण्याचा दिवस ठरला. सकाळी अकराला दोघांनी शेवटचं पाहून घ्यायचं आणि तीनला गोपालच्या ऑफिसात सह्या. गोपालला मध्ये कचेरीत जायचं होतं. तो माझ्याकडून कागदांच्या प्रती घेऊन गेला आणि जाता जाता फाटकातून ओरडला, "मावशी, दीडपर्यंत मोकळं करा बरं!"

"हो," सुखीबाई म्हणाली.

साडेबारा झाले. गझाला आणि अब्रार निघायला लागले तसं सुखीबाई म्हणाली, "आता जेवूनच जा. मी सैपाक केला आहे."

अब्रार म्हणाला, "नको बाई, तकलीफ कायले?"

"एवढे दिवस आले तुमी, पान्याशिवाय काई देल्लं नाई मी. बसा. वर बसा, वर हवा आहे."

तिनं पश्चिमेच्या दालनात सतरंजी टाकली, दाराजवळ, भेगेपासून लांब. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. एवढं सगळं तिनं एकतीस पायऱ्या पुन्हा पुन्हा चढून वर नेलं. गझाला म्हणाली मी घेते, तर तिला उठू दिलं नाही. भाकरीही एकदम नेल्या नाहीत. एक एक गरम करून नेत राहिली. मी समोरून पाहत होतो, मला वाटलं बाई मायेनं करून राहिली आहे. घड्याळात दोनला पाच कमी होते तेव्हा ती शेवटची वर गेली आणि खाली आली नाही.

भोंगा झाला. मग धक्का बसला.

मला माझ्या दुकानात फक्त काउंटरची काच वाजल्याचं ऐकू आलं. वर काय झालं ते तिघांकडूनही वेगवेगळं ऐकलं, पण गोष्ट एकच. फरशी पायाखालून सरकल्यासारखी झाली. छतातून चुन्याचा भुगा पडला, ताटांत, वरणात. आणि मलई रंगाच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत केसाएवढी रेघ उमटली.

सुखीबाई उठली, हातातलं उलथनं घेऊन भिंतीजवळ गेली आणि खरवडायला लागली. पुट्टीचे पोपडे निघाले. आतून काचेचा एक तुकडा खाली पडला.

"हे इंजिनिअरनं लावली होती," ती म्हणाली. "मांगं, चार वर्साखाली. तुटली तर भिंत हलून राह्यली समजा म्हने. दीड महिन्यात तुटली. मग याईनं रंग मारला."

अब्रार उठून उभा राहिला. तो तापट माणूस नाही, पण त्याचा चेहरा लाल झाला. "बाई, आम्ही चार वेळा आलो. चार वेळा! पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं? मी जागेचा सौदा करून बसलो ना तिकडे."

"हरेक वेळी सांगीन म्हनत होती," सुखीबाई म्हणाली. "तोंडातून निघालं नाई. मी याईचं मीठ खाल्लं भाऊ. म्हनलं, तुमालेच दिसू द्या."

गझाला बसूनच होती. तिनं काच उचलून पाहिली, पुन्हा खाली ठेवली. "रोज असं होतं?"

"रविवार सोडून."

"तुम्ही कुठं झोपता?"

"मी खाली. फाटकापाशी. तिथं काई होत नाई."

गझालानं वरणावरचा भुगा चमच्यानं बाजूला केला आणि ताटातली उरलेली भाकर खाल्ली. अब्रार खाली जाऊन गाडीपाशी उभा राहिला होता. तिला टाकून उठायचं नव्हतं, असं ती मला पुढे कधीतरी म्हणाली. एवढ्या पायऱ्या चढून आणलेलं अन्न होतं ते.

तीनच्या सह्या झाल्या नाहीत. अब्रारला जागेचा सौदा मोडावा लागला आणि त्याबद्दल चार लोकांची बोलणी खावी लागली. गोपाल संध्याकाळी फाटकात येऊन वाट्टेल ते बोलला. दहा वर्षांत पहिली खरी पार्टी आली होती, आता गावभर झालं, आता कोण घेणार? सुखीबाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तो थकून गेला.

चार दिवसांनी अंकुर आला. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं, नागपूरहून सकाळच्या बसनं आलेला. मला वाटलं हाही ओरडेल. तो माझ्या बाकावर बसला आणि आधी पाणी मागितलं. मग सुखीबाईला हाक मारली. ती गल्ली ओलांडून आली आणि खाली पायरीवर बसली.

"बाई, आम्ही तुमचं काही वाईट केलं का?" त्यानं विचारलं.

"नाई भैयाजी."

"मग असं का? आम्ही सात हिस्सेदार होतो, त्यातले दोघे वारले. एकाची सही घ्यायला गेलो की दुसऱ्याचं मन फिरतं. दहा वर्षं मी हेच करतोय. या वेळी सगळ्यांचे हो आले होते."

"पोट्ट्या झोपनार होत्या तिथं," सुखीबाई म्हणाली.

"पश्चिमेची बाजू बंद ठेवा म्हणून सांगता आलं असतं. मला आधी एक फोन करता."

"केला असता तर तुमी म्हनले असते, सांगू नका. मंग मी काय केलं असतं?"

अंकुरनं पाण्याचा ग्लास बाकाखाली ठेवला. मी झेरॉक्सच्या मशीनमध्ये उगाच कागद भरत होतो. शेवटी तो म्हणाला, "हो. म्हणालो असतो." आणि मग, दुसरीकडे पाहत, "चाव्या द्या बाई. मी घरच्यांना दुसरं काही सांगू शकत नाही. महिनाभर राहा, मग बघा कुठं ते."

चाव्यांचा जुडगा मोठा होता. सुखीबाईला अक्षरं येत नव्हती, म्हणून तिनं प्रत्येक चावीला वेगळ्या लुगड्याची चिंधी बांधली होती. हिरवी दिवाणखान्याची, पिवळी फुलाफुलांची शेठाणीच्या खोलीची. अंकुरला त्यातलं काही कळेना. मग दोघं मिळून वर गेले. ती एक एक दार उघडायची, चावी त्याच्या हातात द्यायची, तो कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर लिहायचा. दीड तास लागला. अर्ध्यावर ती जिन्यात बसली तेव्हा तोही खालच्या पायरीवर बसला. त्यानं तिला विचारलं की त्याच्या आजोबांचा पलंग कोणत्या खोलीत होता. ते त्याला आठवत नव्हतं. तिनं सांगितलं.

ती महिनाभर राहिली नाही. आठव्या दिवशी एक लोखंडी पेटी, दोन गाठोडी आणि लखनचा फोटो एवढं घेऊन निघाली. मी तिला बसस्टँडवर सोडलं. झरीची बस यायला उशीर होता. मी म्हटलं, वाईट वाटतं का? ती म्हणाली, "मले झोप येऊन राह्यली भाऊ." आणि खरंच, बाकावर बसल्या बसल्या पेटीवर डोकं ठेवून झोपली. बस लागली तेव्हा मला तिला उठवावं लागलं.

उकंडाच्या घरी तिनं पंधरा दिवस काही केलं नाही असं ऐकलं. खायची आणि झोपायची. वहिनी कुरकुर करायला लागली तेव्हा तुरी कुटायला बसली.

इकडे गझालानं सोडलं नाही. मारेगाव रोडवर एक जुनं बियाण्याचं गोदाम भाड्यानं मिळालं, बसकं, टिनाचं, उन्हाळ्यात भट्टी होणारं. अब्रारनं स्वतः वेल्डिंग करून खाटा बनवल्या. जुलैत नऊ मुलींवर वसतिगृह सुरू झालं. फॉर्मच्या प्रती काढायला गझाला माझ्याकडे आली तेव्हा तिनं सुखीबाईचा पत्ता मागितला. निरोप पाठवला, या म्हणून. सुखीबाईचं उत्तर आलं: मले आता कोनाचं घर सांभाळाचं नाई.

पुढच्या वर्षी दहावीचे निकाल लागले तसं जमनीला घेऊन आजोबांऐवजी सुखीबाईच आली. पोरीला सोडून दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. नेमकी त्या दिवशी स्वयंपाकवाली आली नव्हती आणि सतरा मुली ताटं घेऊन बसल्या होत्या. सुखीबाईनं पीठ मळायला घेतलं. दुसऱ्या दिवशीही बाई आली नाही. तिसऱ्या दिवशी गझालानं तिला विचारलं, आणखी आठवडाभर थांबाल का? ती थांबली. तिला राहायला गोदामाच्या मागची खोली दिली. अजून तिथेच आहे. खूश आहे असं मी म्हणणार नाही. टिनाखाली तिचं डोकं दुखतं, मुली भांडतात, पाणी एक दिवसाआड येतं. पण घर दाखवायचं काम संपलं.

गेल्या डिसेंबरात कोठी विकली गेली. आदिलाबादकडच्या एका व्यापाऱ्यानं घेतली, ती राहायला नव्हे, लाकडासाठी. आधी दारं, तुळया, खांब ट्रकमध्ये भरून गेले. मग जेसीबी आला. चुन्यातलं जहाज पहिल्याच तासात खाली आलं. मी आठवडाभर दुकान निम्मं बंद ठेवलं, धुळीमुळे.

सुखीबाईला सांगायला मीच गेलो. दुपारची वेळ होती, मुली कॉलेजात गेल्या होत्या. ती खाटेवर पाय सोडून बसली होती.

"पडली?" तिनं विचारलं.

"पाडली."

"पश्चिमेची बाजू पयले पडली असन."

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हटलं, "नाही बाई. ती शेवटी. छत लगेच खाली आलं, पण ती भिंत काही केल्या हलेना. जेसीबीला दीड दिवस लागला. ड्रायव्हर म्हणे असं बांधकाम पाहिलं नाही."

सुखीबाईनं माझ्याकडे पाहिलं. "मंग मी चुकली का भाऊ?"

"छत तर आलं ना."

"छत जेसीबीनं आलं."

इंजिनिअरला विचारता आलं असतं, पण तो कुठं असतो ते कोणालाच माहीत नाही. सुखीबाईनं एक पाय वर घेतला आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून बसली. भिंतीपलीकडे रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते, एकामागे एक.

"अंकुर भैयाजी आलते का, पाडताना?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मग मला बसा म्हणाली, चहा मांडते म्हणाली, आणि उठायला तिला बराच वेळ लागला.